शाळेत दात तपासतात, भरत कुणीच नाही – पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मुलांसाठी काय करता येईल?

घाटमाथा

नमस्कार. मी पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते, राहायला वारज्यात. तालुका मुद्दाम लिहीत नाही, उगाच कुणाला खुलासा द्यावा लागायला नको.

आमच्याकडे दरवर्षी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जे तीसेक आजार त्यात बघायचे असतात, त्यांत दातांची कीडही आहे. पथकातली माणसं चांगली आहेत. बॅटरी मारून प्रत्येकाचं तोंड बघतात, रजिस्टरला नोंद करतात, पुढे पाठवायची चिठ्ठी देतात. चिठ्ठी दप्तरात जाते. पुढच्या वर्षी त्याच पोराला पुन्हा चिठ्ठी, फक्त किडलेले दात वाढलेले.

तिसरीत एक मुलगा आहे. खिचडीच्या दिवशी त्याचं ताट सगळ्यांच्या आधी रिकामं होतं. मटकीची उसळ असली की एकेक दाणा जिभेनं उजव्या गालाकडे ढकलतो, आणि पाणी पिताना मान तिरकी करतो, म्हणजे डावीकडे गार लागत नाही. त्याच्या आईला विचारलं तर म्हणाली, "दुखतंय व्हय? कधी बोलला नाय." त्याला बहुतेक वाटतं सगळ्यांचं असंच असतं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दातांची खुर्ची आहे. डॉक्टर ठरावीक वारी असतात. आमचे पालक गेले त्या वारी डॉक्टर होते, पण दात कोरायचं मशीन ज्यावर चालतं तो हवेचा कॉम्प्रेसर बंद होता. मग औंधचं जिल्हा रुग्णालय. म्हणजे पहाटेची एसटी, पुढे अख्खं पुणं आडवं पार करायचं, कडेवर धाकटं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले हे खरं, पण तिथवर पोचायला पैसे लागतात त्याचं काय?

ब्रश वाटप, फोटो, बॅनर हे सगळं आमच्याकडे होऊन गेलंय. मला विचारायचंय ते वेगळंच. प्रत्यक्ष उपचार शाळेतच करता येतात का? कुठले येतात, कुठले नाहीत? दातांचे डॉक्टर इथे आहेत, त्यांनी सांगावं.

खडूस_पेठकर

दुधाचेच दात ना? पडणारच आहेत. आमच्या वेळी पडला की कौलावर फेकायचो आणि विषय संपायचा. ज्या गावात पावसाळ्यात रस्ता टिकत नाही तिथे दुधाच्या दातांसाठी दंतवैद्य न्यायचा, म्हणजे प्राधान्यक्रम जरा बघा.

दंतकथा

पेठकर काका, हे वाक्य माझ्या कोथरूडच्या दवाखान्यातही रोज ऐकते, तेव्हा खेड्यालाच नावं नकोत. पुढचे दुधाचे दात सात-आठ वर्षांचं होता होता पडतात, मान्य. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे पुढची सहा-सात वर्षं त्या पोरानं तिच्यावरच चावायचं. ती लवकर काढली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही. मग चौदाव्या वर्षी तारा लावायचा खर्च.

आणि यापेक्षा मोठी गोष्ट पालकांना माहीतच नसते. सहाव्या वर्षी कायमची पहिली दाढ येते. ती कुठलाही दात न पडता, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे गुपचूप उगवते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते. तिच्यावर खोल चिरा असतात, मूल पहिलीत असतं, ब्रश तिथपर्यंत पोचत नाही. आठव्या वर्षी ती पोखरलेली असते आणि आई म्हणते, "जाऊ दे, पडेल." ती पडणार नाही. तिच्या जागी दुसरी यायचीही नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाला उत्तर: हो, बरंचसं शाळेत होतं. रात्री सविस्तर लिहिते, आत्ता पेशंट खुर्चीत आहे.

फिरता_वैद्य

मी अशाच एका पथकात आहे (तुमच्या तालुक्यात नाही, आधीच सांगतो). आम्ही दोन आयुष डॉक्टर, एक पुरुष, एक बाई; सोबत औषधनिर्माता आणि नर्स. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा. एका दिवसात डोळे, कान, हृदय, त्वचा, वजन-उंची, रक्तक्षय, सगळं. हृदयात छिद्र सापडलं तर त्या मुलाचा पाठपुरावा होतो, फोन होतात, ऑपरेशन होतं, आणि त्याचं समाधानही मिळतं. किडलेल्या दातांची मुलं इतकी असतात की पाठपुरावा करायचा कुणाकुणाचा? वर्गात अर्ध्या पोरांना चिठ्ठ्या दिल्या की ती चिठ्ठी कुणी मनावर घेत नाही.

माझं मत असं की तपासणी पुरे झाली. कोणाचे दात किडलेत हे आमच्या रजिस्टरात आहे. त्या यादीवर काम करणारे हात हवेत. पेशंट खुर्चीपर्यंत न्यायचा हट्ट जिथे सोडता येईल तिथे सोडा.

दंतकथा

लिहायला बसले. खुर्ची, कॉम्प्रेसर, वीज यांच्याशिवाय होणाऱ्या गोष्टी सांगते.

एक, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. ३८ टक्क्यांचं द्रावण असतं. दात कापसानं कोरडा करायचा, बारीक ब्रशनं किडलेल्या जागी लावायचं, मिनिटभर थांबायचं. इंजेक्शन नाही, मशीनची घरघर नाही. एका थेंबात चार-पाच दात होतात. बहुतेक किडी थांबतात, मात्र वर्षातून दोनदा लावावं लागतं. जपानमध्ये हे १९७० च्या सुमारापासून वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. खोट एकच: किडलेला भाग काळाकुट्ट होतो आणि तसाच राहतो. बोटाला किंवा गालाला लागलं तर तिथेही डाग पडतो, तो मात्र काही दिवसांत जातो.

दुसरी पद्धत हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरायची. ही १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली, ती नेमकी याच अडचणीतून, वीज नाही आणि मशीन नाही. मूल बाकावर आडवं, डॉक्टर डोक्यामागे बसलेली, कपाळाला दिवा. याच सिमेंटनं सहा वर्षांच्या दाढेच्या चिरा आधीच बुजवताही येतात. मला विचाराल तर पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाची ती दाढ बुजवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं काम आहे. बाकी काही जमलं नाही तरी हे करा.

तिसरी, स्टीलची टोपी. दुधाच्या दाढेला कीड आहे पण ठणका लागत नाही, सूज नाही, अशा दाढेवर न कोरता तयार टोपी सिमेंटनं दाबून बसवायची. स्कॉटलंडमधल्या एका दंतवैद्य बाईंनी रूढ केलेली रीत. आत अडकलेल्या जंतूंचं खाणं तुटतं, कीड थांबते. पहिले काही दिवस चावताना उंच लागतं, मग बसतं. पोरांना चांदीचा दात म्हणून आवडतोसुद्धा.

शाळेत काय करायचं नाही तेही लिहिते. दात काढायचा नाही. संध्याकाळी रक्त सुरू झालं आणि डॉक्टर पुण्यात, असं व्हायला नको. रात्री झोपेतून उठवणारा ठणका, हिरडीवर पुळी, गालाला सूज, ताप – ही मुलं थेट दवाखान्यात. त्यांच्यासाठीच गाडीचा बंदोबस्त करा. शंभरातली दहा-पंधरा पोरं नेणं जमतं, सगळी नेणं कधीच जमत नाही.

फिरता_वैद्य

हे लावायचं काम आम्हाला करता येईल का? शाळेत तर आम्ही जातोच.

दंतकथा

आजच्या घडीला नाही, डॉक्टर. कायद्यानं नोंदणीकृत दंतवैद्यच दातांवर उपचार करू शकतो. मलाही वाटतं की प्रशिक्षण देऊन हे एक काम तुमच्या पथकाला द्यायला हरकत नसावी, पण ते ठरवणारे आपण नाही. तुम्ही यादी द्या. मुलाचं नाव, इयत्ता, आणि "ठणका आहे / नाही" एवढा एकच रकाना जास्तीचा. आमचा निम्मा दिवस वाचेल.

पांढरा_कोट

पुण्यातल्या एका दंत महाविद्यालयात इंटर्नशिप संपवली, म्हणून आतली बाजू. पुण्यात-पिंपरीत खासगी दंत महाविद्यालयं भरपूर. सरकारी मात्र मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी दूरदूर. इंटर्नशिपच्या वर्षात कम्युनिटी डेंटिस्ट्रीची पाळी असते, शिबिरांना जावंच लागतं. म्हणजे हात आहेत, गाडी आहे, सामानही आहे.

अडतं कुठे? शिबिराचं यश "किती तपासले" यावर मोजतात. एका सकाळी अडीचशे तोंडं बघितली की फोटोत छान दिसतं. त्यात सिमेंट भरायला बसलो तर पंधरा-वीस मुलंच होतात आणि वरून विचारणा होते की आकडा कमी का. शिवाय ज्यांना उपचार लागतात त्यांना बसनं कॉलेजात आणायचा प्रकार चालतो, कारण विद्यार्थ्यांचा कोटा भरायचा असतो. त्यात पेशंटचं भलं होतं, नाही म्हणत नाही. पण चौथीतलं पोर घेऊन आई दुसऱ्यांदा येत नाही.

आणि दातांच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीबद्दल फार आशा ठेवू नका. ती घाटात वळत नाही. मोठ्या गावच्या चौकात उभी राहते आणि वाडीवरची माणसं तिथे यायची असतात. एका पाठपिशवीत मावेल एवढं सामान गाडीपेक्षा लांब पोचतं.

नीरेकाठ

मी भोरकडची. दंतकथा मॅडम, ते काळं औषध माझ्या मुलीला लावलंय, पुण्यात नणंदेकडे असताना. कीड थांबली, खरंच थांबली. पण घरी जे झालं ते सांगते. सासूबाईंनी तोंड बघितलं आणि रडायच्या राहिल्या. "पोरीच्या जातीचं, पुढचेच दात काळे करून आणलेस?" आठ दिवस माझ्याशी बोलणं नाही. आळीतल्या बाया येऊन बघून गेल्या. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, पण मी घरात जाऊन सगळ्यांना काय समजावणार?

म्हणून शाळेत करणार असाल तर आधी आज्या बोलवा. आई सही करते, पण ठरवते आजी.

दंतकथा

नीरेकाठ ताई, हे अगदी महत्त्वाचं लिहिलंत. पुढच्या दातांना शक्यतो काळं लावूच नये, किंवा लावून वर पांढरं सिमेंट फिरवावं. डाग थोडा झाकतो. दाढांचा काळेपणा कुणाला दिसत नाही. आणि सही घ्यायच्या आधी एका काळ्या झालेल्या दाताचा मोठा रंगीत फोटो दाखवायचाच. न दाखवता लावलं तर पुढच्या वर्षी त्या गावात पाऊल ठेवता येणार नाही.

उसाचं_पाचट

सगळं वाचतोय. तुम्ही घाटाकडचं बोलताय, आमच्याकडं बारामती-इंदापूर-दौंड पट्ट्यात वेगळीच तऱ्हा. साखर कारखाना पेटला की बीड, नगरकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मार्चपतोर फडात. त्यांची पोरं कुठल्याच शाळेच्या पटावर नसतात, असली तर नावाला. तपासणी शाळेत, पोर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. पहाटे तीनला आई-बाप तोडीला जातात, थोरली पोरगी धाकट्याला चहात बिस्किट बुडवून देते, तोच नाष्टा. दूध पिणारं असलं तर बाटलीत गोड पाणी, गप राहावं म्हणून. पुढचे चारी दात मुळापर्यंत काळे झालेली दोन-तीन वर्षांची पोरं मी डोळ्यांनी बघितलीत.

दाढ दुखली की मशेरी लावतात, बायकाही आणि दहा-बारा वर्षांच्या पोरीही. एकदा लागली की सुटत नाही, तंबाखूच ती. आठवडी बाजारात दातातला किडा काढून देणाऱ्या बाया बसतात. कानात नळी घालून पांढऱ्या अळ्या काढून दाखवतात, पैसे घेतात. पोराचं दुखणं तसंच.

मॅडम, वर्षातून दोनदा लावायचं म्हणता. पहिला हात इंदापुरात, सहा महिन्यांनी पोर बीड जिल्ह्यात. दुसरा हात कोण लावणार?

दंतकथा

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अशा मुलांना मी दोनदा लावायच्या औषधापेक्षा सिमेंट किंवा टोपी पसंत करेन, एकदा बसली की पुढची भेट नाही झाली तरी काम करते. आणि लसीकरणाचं कार्ड या बाया ट्रकमधून जपून नेतात, त्याच्याच मागे दातांची नोंद लिहावी. गावी कुणी बघितलंच तर आधी काय केलंय ते कळेल.

अळ्यांबद्दल: त्या दातातून निघत नाहीत. हातचलाखी आहे. कीड म्हणजे जंतूंनी साखरेचं आम्ल केलं आणि त्यात दात विरघळला, हलणारं काही त्यात नसतं.

खडूस_पेठकर

सहा वर्षांच्या दाढेचं मला माहीत नव्हतं, नोंद घेतली. नातवाचं तोंड आजच उघडून पाहिलं, आहे खरी. आता पैशांचं बोला. मी आयुष्यभर हिशेब तपासले आहेत, भावनांवर कार्यक्रम दोन वर्षं चालतो.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते वर्षाअखेर घाईघाईत कशावर तरी उडवतात. ग्रामसभेत ठराव करून घ्या, सिमेंट आणि टोप्यांना पुरेसे होतील. आणि कंपन्यांच्या नफ्यातले सामाजिक जबाबदारीचे दोन टक्के, २०१३ चा कंपनी कायदा. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे कितीजणांना माहीत आहे? त्याच तालुक्यात धरणाच्या वरच्या अंगाला धनगरवाड्या आहेत. कंपनीला म्हणावं, ब्रशचा डबा नको, दोन दंतवैद्यांचा वर्षाचा पगार द्या. नाही म्हणतील. त्यांना बॅनर लागतो.

पांढरा_कोट

काका, पगार नको म्हणाले तर निर्जंतुकीकरणाचं यंत्र मागा. शाळेत काम करताना खरी मर्यादा तीच आहे. एका मुलाच्या तोंडातलं अवजार पुसून दुसऱ्याच्या तोंडात, हे चालणार नाही. प्रत्येक मुलाला वेगळा बंद संच. चाळीस मुलं म्हणजे चाळीस संच आदल्या रात्री तयार, नाहीतर गॅसवर चालणारं कुकरसारखं ऑटोक्लेव्ह सोबत. हे विचारल्याशिवाय कुठल्याही शिबिराला परवानगी देऊ नका, मॅडम.

घाटमाथा

हे मी कधी विचारलंच नसतं. लिहून ठेवलं.

टूथपेस्टचं पण सांगा. आमच्या मुलांत निम्मी राखुंडी किंवा लाल पावडर लावतात, काहींच्या घरी एक ब्रश तिघांत. दुकानात दहा रुपयांची छोटी पेस्ट मिळते. ती चालते का? आणि शाळेत जेवणानंतर घासून घ्यावं असं वरून तोंडी आलंय. निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराचा हिशेब, आणि आता चूळ भरायला लावणं. शिक्षक एकटी आहे हो.

दंतकथा

दहा रुपयांची चालते, पण मागे फ्लोराइड लिहिलंय का ते बघा, १००० पीपीएमच्या आसपास. राखुंडीत आणि बहुतेक पावडरींत ते नसतं, राखुंडी उलट दात झिजवते. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी पूर्ण ब्रशभर नाही. घासून झाल्यावर थुंकायचं, पण भरपूर पाण्यानं खळखळून चूळ भरायची नाही, फ्लोराइड धुऊन जातं. आणि रात्रीचं घासणं सकाळपेक्षा महत्त्वाचं. सकाळीच घासतात सगळे, कारण चहा त्यानंतर मिळतो.

शाळेत रोज घासण्याचा आग्रह मी धरणार नाही. एका शिक्षकी शाळेत ते पंधरा दिवस चालतं. पालकसभेत रात्रीचं घासणं पटवून द्या, तेवढं बास.

बोअरचं पाणी पीत असाल तर एकदा फ्लोराइड तपासून घ्या, ग्रामपंचायत पाण्याचे नमुने पाठवतेच. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर आधी मला सांगा, मग पेस्टचं वेगळं बोलू.

नीरेकाठ

घाटमाथा मॅडम, तारीख ठरवताना भात लावणी टाळा. आषाढात घरी कुणी सापडत नाही, चिखलातून कुणी सहीला यायचं नाही. कापणी झाली की माणसं मोकळी, आणि वाटाही सुकलेल्या असतात.

घाटमाथा

तेच ठरवलंय, दिवाळीची सुट्टी संपली की. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घेतली. पहिली-दुसरीची सगळी मुलं, आणि वरच्या वर्गांतली यादीतली. आज्यांना वेगळं बोलावलं आहे, हळदीकुंकू ठेवतो म्हटल्यावर येतात. फोटो दाखवायचं काम दंतकथा मॅडम स्वतः करणार आहेत. दोघीतिघी मैत्रिणींना घेऊन येतायत, सामान त्यांचं. ठणका असलेल्या मुलांसाठी सरपंचांनी जीप द्यायचं कबूल केलंय, डिझेल समितीचं. कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते अजून नक्की नाही, तालुक्याचा कॉम्प्रेसर दुरुस्त झाला की नाही ते कुणीच फोनवर सांगत नाही.

दंतकथा

बाक दोन लागतील, जोडून ठेवता येतील असे, आणि उशाला सतरंजीची गुंडाळी. मुलांना उपाशी आणू नका. उजेडाची खिडकी पूर्वेला आहे की पश्चिमेला? त्यावर सकाळी बसायचं की दुपारी ते ठरेल.

घाटमाथा

पूर्वेला. पण तिसरी-चौथीचा वर्ग तिकडेच भरतो. त्यांना पडवीत बसवेन.

उसाचं_पाचट

मॅडम, एक रविवार आमच्या फडावर पण काढा. कोपीला खिडकी नसती, उजेड चिक्कार.